मनगट दुखतंय आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आलाय? मग हे करा

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, म्हणजे पोट मनगटावर. उजवं मनगट करंगळीच्या बाजूने दुखायला लागलं तेव्हा जो तो डॉक्टर झाला. वात आहे, कॅल्शियम कमी पडतंय, पाळी जायचं वय आहे, फार मनाला लावून घेतेस. एक्स-रे काढला, तो नॉर्मल. ‘काही नाहीये’ म्हणून गोळ्या मिळाल्या. काही नाहीये, तर कुकरचं झाकण लावताना डोळ्यांत पाणी का येतं, हे कुणी सांगेना.

एक्स-रेत मुख्यतः हाडं दिसतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. ती बांधून ठेवणारे लिगामेंट, स्नायूंच्या दोऱ्या, नसा, कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) यांतली झीज किंवा फाट साध्या एक्स-रेत दिसत नाही. कधी हाडाचंही निसटतं. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड मोडलं, तर पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. अंगठा ताणल्यावर मनगटाशी जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर हात बांधून ठेवतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्त बेताचंच मिळतं, दुर्लक्ष झालं तर ते जुळता जुळत नाही. तेव्हा पडला असाल तर ते आधी सांगा, महिना उलटून गेला असला तरी.

डॉक्टरांसमोर अख्खं मनगट मुठीत धरून ‘इथे दुखतं’ म्हणू नका. एका बोटाने दाखवा. निम्मं निदान तिथेच होतं.

बोट अंगठ्याच्या बाजूला गेलं आणि बाळाला उचलताना, मोबाईल चालवताना कळ येत असेल, तर बहुधा अंगठ्याच्या दोऱ्यांना सूज असते. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. माझ्या भाचीला बाळंतपणानंतर हेच झालं होतं आणि घरात सगळे ‘ओली बाळंतीण, वारा लागला’ म्हणत बसले होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं? मग मनगटातून जाणारी नस दबत असेल, म्हणजे कार्पल टनेल. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांत हे जास्त दिसतं. मुंग्या करंगळीलाच येत असतील तर कोपर आणि मानही तपासून घ्या. दोन्ही मनगटं सुजलेली, सकाळी तासभर आखडलेली असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, गाठा. तिथे आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून संधिवात नाहीच, असं होत नाही. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या आणखी तपासण्या आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचा हात लागतो.

माझं बोट करंगळीकडच्या हाडाच्या गाठीशेजारी जाऊन थांबायचं.

पुढचं काम कालनिर्णयने केलं. रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायला लागले: ‘कणीक मळताना काही नाही. लाटताना थोडं. ओटा पुसून फडकं पिळताना कळ. किल्ली फिरवताना कट्. रात्री शांत.’ दहापैकी किती दुखतं हे मला कधी नीट सांगता आलं नाही, पण कशाने दुखतं ते सांगता यायला लागलं. हाताचे सर्जन होते, त्यांनी ते वाचलं आणि मला खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठायला लावलं. नेमकी तीच कळ. मग एमआरआय. करंगळीच्या बाजूला टीएफसीसी नावाची कूर्चा-लिगामेंटची गादी असते, ती झिजून फाटलेली निघाली. मला हुश्श झालं, पण त्यांनी लगेच सांगितलं की या वयात न दुखणाऱ्या मनगटांतही अशी झीज सापडते. रिपोर्टमधली जागा आणि तुमचं बोट जुळलं तरच त्याला अर्थ. म्हणून आधी हात तपासून घ्या, एमआरआय नंतर. शेजारणीने काढला म्हणून आपण काढायचा नाही. नस दबल्याचा संशय असेल तर एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी), दोऱ्यांच्या सुजेला सोनोग्राफी. प्रत्येक दुखण्याची तपासणी वेगळी.

नाव मिळेपर्यंत पोळ्या थांबत नाहीत, हेही खरंच. फडकं नळाला अडकवून दोन्ही हातांनी दाबत पाणी काढा, मनगट पिळू नका. कढई, परात दोन्ही हातांनी उचला. कणीक मळायचं मशीन घेतलं, ते कर्ज मला अजिबात टोचत नाही. पट्टा मात्र दुकानातून दिसेल तो आणू नका: अंगठ्याच्या दुखण्याला अंगठा धरणारा लागतो, कार्पल टनेलला रात्री मनगट सरळ ठेवणारा. आणि महिनोन्‌महिने दिवसभर बांधून ठेवलात तर हात आखडतो, जोर जातो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखण्यातही रोजची कामं कशी करायची ते दाखवणारे तज्ज्ञ, हे उत्तम शिकवतात. कमला निंबकरांनी 1950 साली मुंबईत केईएममध्ये या विषयाची शाळा सुरू केली, तरी आपल्याकडे हाडांच्या ओपीडीबाहेर बसलेल्या निम्म्या बायकांना असे थेरपिस्ट असतात हेच माहीत नसतं. मी तर लाटणंच घेऊन गेले. मुठीत न आवळता तळव्याने कसं फिरवायचं, ते तिथे टेबलावर करून दाखवलं. दुखणं संपलंय असं नाही, पण शंभर पोळ्यांचा डबा निघतो.

दुकानातून मनाने घेतलेल्या पेनकिलरवर महिने काढू नका. पोट, किडनी, बीपी तिन्ही बिघडू शकतात. वाताच्या बिननावाच्या पुड्यांपासून तर चार हात लांब राहा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं आणि साखर असेल तर आधी सांगा, काही दिवस ती वाढते. निदान झालेलं नसताना हाडवैद्याकडून मनगट ओढून घेऊ नका.

मनगट लाल, गरम, सुजलेलं आणि अंगात ताप. पडल्यावर हात वाकडा. बोटांचा बधिरपणा जातच नाही. अंगठ्याखालचं मांस बसत चाललंय, हातातून कप निसटतोय. यांतलं काहीही असेल तर कालनिर्णय वगैरे राहू द्या, लगेच दाखवा.

बाकीच्यांनी जाताना सगळ्या फिल्म तारखेप्रमाणे लावून न्या, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा न्या. आणि उठण्याआधी दोन गोष्टी विचारा: ‘डॉक्टर, तुम्हाला नक्की काय वाटतंय?’ आणि ‘ते नसलं तर पुढे काय तपासायचं, आणि कधी येऊ?’ उत्तर केस पेपरवर लिहून मागा. थोडे वैतागतील, पण लिहून देतात.