संगणकाच्या तासाला माऊस कोणाच्या हाती?

गोव्यातील शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाऊ लागले, तरी एका संगणकासमोर दोघे-तिघे बसले की माऊस मुलग्याकडे आणि नोंदवही मुलीकडे, अशी वाटणी कोणी न सांगताच होऊन बसते. ती मोडण्यापूर्वी मोजावी. तास सहशिक्षकाकडे सोपवून आपण मागे बसावे आणि दर पाच मिनिटांनी कोणत्या संगणकावर कोणाचा हात चालतो आहे, याची खूण कागदावर करावी. आठवणीवर विसंबू नये, कारण सारखी हाक मारणारेच लक्षात राहतात.

त्यानंतर पाळी लावावी. जोडीतील एकाने संगणक हाताळावा, दुसऱ्याने पुढची पायरी तोंडी सांगावी आणि दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही, हा नियम शिक्षकालाही लागू आहे. मुलगी अडली की माऊस घेऊन काम उरकून द्यायचे आणि मुलगा अडला की ‘बघ, जमेल’ म्हणायचे, हा भेद आपल्याही नकळत होतो. रोबोटिक्सच्या गटात जोडणी, कोड आणि नोंदी ही कामेही फिरती ठेवावीत, नाहीतर सुंदर अक्षराची शिक्षा म्हणून एखादी मुलगी वर्षभर नोंदीच लिहीत राहते.

‘हे कोणाला येते?’ असे विचारून हात वर करायला लावणे टाळावे. 2018 च्या आंतरराष्ट्रीय संगणक व माहिती साक्षरता अभ्यासात (भारत त्यात नव्हता) आठवीच्या मुलींचे सरासरी गुण मुलग्यांपेक्षा अधिक होते. प्रोग्रामिंगसारखी प्रगत कामे आपल्याला जमतात, हा विश्वास मात्र मुलग्यांनीच अधिक दाखवला. म्हणून प्रत्येकाला छोटे काम एकट्याने करायला द्यावे आणि त्यावरूनच पारख करावी.

जादा सराव शाळा सुटल्यावर ठेवल्यास सत्तरी-पेडण्याकडील गावांतून बालरथाने (शाळेच्या बसने) येणारी मुले गळतात, आणि उशिरा एकटीने बसने परतायला घरून परवानगी मिळत नसल्याने त्यांतही मुलींची अडचण अधिक असते. तो वेळापत्रकातच बसवावा.

महिन्याभराने त्याच वर्गात तशाच खुणा पुन्हा कराव्यात. एखाद्या गटात फरक पडला नसेल, तर काही तास मुलींच्या वेगळ्या जोड्या लावाव्यात, पण ती व्यवस्था कायमची करू नये.