जॉन, यान, जुआंव: युरोपीय पुरुषांच्या नावांबाबत या चुका टाळा

मराठी बायबल उघडून पाहा. तिथे जॉन नाही, योहान आहे. जेम्स नाही, याकोब आहे. ही दोन रूपं मूळ हिब्रूच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहेत. तरीही युरोपातलं नाव समोर आलं की आपण ते आधी इंग्रजीतून वाचतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'जे' हे अक्षर. लॅटिनमध्ये 'आय' आणि 'जे' वेगळे नव्हते. शब्दाच्या सुरुवातीला स्वरापुढे त्याचा उच्चार 'य' होई. जर्मन, डच, पोलिश, चेक भाषांनी तो 'य' टिकवला. म्हणून तिकडचा माणूस 'यान' असतो, 'जॅन' नव्हे. स्पॅनिशमध्ये तेच अक्षर 'ह'कडे झुकलं, पोर्तुगीजमध्ये मऊ 'झ'कडे. एकच नाव स्पेनमध्ये होसे, पोर्तुगालमध्ये जुझे. पोर्तुगीज खेळाडूला सर्रास 'होसे' म्हणतात, ते चूक आहे. तिथल्या योहानाचं 'जोआओ' हे लेखनही तसंच, अक्षरं मोजून केलेलं. खरा उच्चार हवा असेल तर गोव्याकडे कान द्या. 24 जूनला तिथे विहिरींत उड्या मारून साजरा होतो तो सांजांव, म्हणजे संत जुआंव, म्हणजेच बाप्तिस्मा करणारा योहान.

या एका योहानाची इटलीत जोव्हान्नी, रशियात इव्हान, आयर्लंडमध्ये शॉन, हंगेरीत यानोश अशी रूपं झाली. जर्मन 'हान्स'मध्ये तर नावाचा मागचा अर्धा भागच उरला.

याकोबाचं प्रकरण अधिक अवघड. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'याकोबुस'चं 'याकोमुस' असंही रूप झालं. पहिल्यातून जेकब आला, दुसऱ्यातून जेम्स. त्यामुळे इतिहासात 'जॅकोबाइट' वाचून जेकब नावाचा राजा शोधू नका. 1688 मध्ये गादी गमावलेला इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स, लॅटिनमध्ये याकोबुस, याचे ते पाठीराखे.

राजांचे आकडेही तपासा. स्पेनचा पहिला कार्लोस आणि पवित्र रोमन सम्राट पाचवा कार्ल हा एकच माणूस. नावावरून देशही ठरवू नका: 1497 मध्ये इंग्लंडच्या राजासाठी ब्रिस्टलहून निघालेला दर्यावर्दी जॉन कॅबट हा मूळचा इटालियन, जोव्हान्नी काबोतो.

शेवटच्या 'आ'वरून मुलगी ठरवू नका: इटलीत आंद्रेआ आणि लुका पुरुष असतात, रशियात निकिता. उलट इंग्रजीत बाईचं असलेलं 'जोन' कातालान भाषेत पुरुषाचं आहे. 1893 मध्ये बार्सिलोनात जन्मलेला चित्रकार मिरो हा त्याच नावाचा, उच्चार झुआन.

आणि ग्रीक 'अनिकेतोस' म्हणजे आपला अनिकेत, असं बाळांच्या नावांच्या याद्यांत दिसलं तर विश्वास ठेवू नका. ग्रीक शब्दाचा अर्थ अजिंक्य, संस्कृत शब्दाचा अर्थ ज्याला घर नाही असा. सुरुवातीचा नकाराचा 'अ' मात्र दोन्ही भाषांत खरोखरच एका मुळाचा आहे.