लँचेस्टरच्या श्रेयावर व्याख्यान कसे तयार करावे

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याला पंखाभोवतीच्या हवेचे गुपित आधी उमगले, पण श्रेय जर्मनीच्या लुडविग प्रांटलने नेले, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चटकन पटते. गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात या विषयावर बोलायचे असेल, तर ती तशी सांगू नये, कारण त्यात दोघांवरही अन्याय होतो.

श्रेयाकडे वळण्यापूर्वी मूळ कल्पना श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभी करावी. शक्य असल्यास त्यांना बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात न्यावे आणि सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाखाली उभे करावे. उड्डाणात पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ती हवा टोकाला वळसा घालून वर जाऊ पाहते आणि विमान पुढे सरकत असल्याने त्या वळशाचा भोवरा होऊन तो मागे लांबवर पसरतो. हे भोवरे निर्माण करण्यात ऊर्जा खर्च होते. त्याच विमानाचे वजन तेवढ्याच वेगाने लांब पंखांवर पेलले, तर हा खर्च कमी होतो. तिथल्याच सी हॅरियर या लढाऊ विमानाचे आखूड पंख शेजारी ताडून पाहिले की मुद्दा सहज लक्षात येतो. टोकाच्या या भोवऱ्यांचे चित्र लँचेस्टरने प्रांटलच्या आधी मांडले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

त्यानंतर कालक्रम लावावा, पण विचार सुचला कधी आणि छापून आला कधी, हे वेगवेगळे नोंदवावे. लँचेस्टरने 1894 मध्ये बर्मिंगहॅम येथे व्याख्यान दिले. 1897 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या फिजिकल सोसायटीने नाकारला. त्याचा ‘एरोडायनॅमिक्स’ हा ग्रंथ 1907 मध्ये आला. दरम्यान जर्मन गणितज्ञ कुट्टाने 1902 मध्ये आणि रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीने 1906 मध्ये हवेचे अभिसरण (पंखाभोवती हवेचे फिरणे) व उचल (पंखाला वर उचलणारा जोर) यांचे गणिती नाते स्वतंत्रपणे मांडले होते. प्रांटलचा परिपूर्ण पंख-सिद्धान्त 1918-19 चा आहे.

सर्वाधिक वेळ मात्र उपेक्षेच्या कारणांना द्यावा. लँचेस्टरची मांडणी चित्रांवर आणि अंतःप्रेरणेवर उभी होती, संज्ञा त्याने स्वतः घडवलेल्या होत्या आणि गणित अपुरे होते. केंब्रिजच्या परंपरेतल्या गणितज्ञांना घर्षणरहित मानलेल्या प्रवाही पदार्थात (इथे हवेत) अभिसरण मुळात उत्पन्न कसे होईल, हा प्रश्न छळत होता, आणि तो रास्तही होता. म्हणूनच 1909 मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या वैमानिकी सल्लागार समितीवर लँचेस्टर असूनही पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे त्याच्या सिद्धान्ताने मूळ धरले नाही. हे सारे द्वेषापोटी घडले, असे म्हणण्याचा मोह टाळावा. माझ्या मते या प्रकरणातली खरी शिकण्याजोगी बाब हीच आहे, की पुढे खरी ठरलेली कल्पनाही त्या काळच्या जाणकारांना योग्य कारणांसाठी अपुरी वाटू शकते.

प्रांटलची बाजू त्याच्याच साक्षीवरून मांडावी. लँचेस्टरने 1908 मध्ये प्रांटल जिथे काम करत होता त्या गॉटिंगेनला भेट दिली आणि पुढच्या वर्षी त्याच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद निघाला, एवढ्यावरून उसनवारीचा संशय घेतला जातो. 1927 मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानात प्रांटलने या सिद्धान्ताला दोघांचे नाव जोडणे उचित आहे, लँचेस्टरने महत्त्वाचे निष्कर्ष स्वतंत्रपणे काढले होते, असे मान्य केले. मात्र आवश्यक कल्पना ग्रंथ पाहण्यापूर्वीच आपल्याला सुचल्या होत्या, आणि आपण त्याच वाटेवर असल्यामुळेच लँचेस्टरचे म्हणणे लगेच कळले, असेही सांगितले. लँचेस्टरला 1922 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि 1931 मध्ये गुगेनहाइम पदक मिळाले, हे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

निष्कर्ष लिहिताना ‘जनक’ हा शब्द टाळावा. टोकाच्या भोवऱ्यांचे भौतिक चित्र लँचेस्टरचे, त्यावरून पंखाची उचल आणि रोध (विमानाला मागे ओढणारा हवेचा जोर) आकड्यांत काढण्याची रीत प्रांटल व त्याच्या सहकाऱ्यांची, आणि अभिसरण व उचल यांचे सूत्र कुट्टा-झुकोव्हस्कींचे, असे कामागणिक नाव लिहावे.