गेलेल्या स्टारवर चॅनेलवाले चिखल उडवतात तेव्हा फॅन लोकांनी काय करायचं

श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत वारली आणि पुढचे चार दिवस टीव्हीवर जो तमाशा चालला तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. "मौत का बाथटब" अशी पट्टी, स्टुडिओत ग्राफिक्सचा टब, टबाशेजारी गंभीर चेहरा करून उभा अँकर, एका तेलुगू चॅनेलचा रिपोर्टर तर खरोखर टबात जाऊन आडवा झाला. ती माती होऊन वर्षं झाली तरी दर फेब्रुवारीत तोच माल नवीन थंबनेल लावून परत येतो. आणि आपले फॅन काय करतात, तर कमेंटमध्ये शिव्या घालतात, त्या व्हिडिओचे व्ह्यूज वाढतात, चॅनेलवाला खूश. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. श्रीदेवीचं उदाहरण घेतलंय कारण मला तेच सगळ्यात नीट माहितीये, पण पद्धत कुणासाठीही तीच.

पहिली गोष्ट, लिंक शेअर करायची नाही. "बघा किती घाण लिहिलंय" असं म्हणून पण नाही. तुम्ही रागाने टाकली काय की आवडली म्हणून टाकली काय, क्लिक तो क्लिकच. स्क्रीनशॉट घ्या, पण असा की त्यात साइटचं किंवा चॅनेलचं नाव, तारीख, वेळ, हेडलाइन सगळं दिसेल, नुसता कापलेला तुकडा पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. वेब पेज असेल तर वेबॅक मशीनवर (वेब पानं जशीच्या तशी साठवून ठेवणारी साइट) त्याची कॉपी सेव्ह करून ठेवा कारण बोंब झाली की हे लोक गुपचूप हेडलाइन बदलतात आणि मग तुम्हीच खोटे ठरता. टीव्हीवरचं असेल तर कार्यक्रमाचं नाव आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा, मिनिटासकट.

आता खरं काम. या कामाचा ऐंशी टक्के भाग इथेच आहे, आणि नेमका हाच भाग लोक टाळतात कारण त्यात वाचावं लागतं. दाव्याचे तुकडे करायचे. कुठली गोष्ट अधिकृत कागदावर आहे, कुठली कुणीतरी "सूत्रांच्या हवाल्याने" छापली आणि कुठली अँकरच्या डोक्यातून आली, हे तीन ढीग वेगळे.

श्रीदेवीचंच घ्या. कुटुंबाकडून पहिली बातमी आली ती हृदय बंद पडल्याची. मग २६ तारखेला दुबई सरकारच्या मीडिया ऑफिसने सांगितलं की पोस्टमॉर्टेमनुसार शुद्ध हरपल्यावर हॉटेलच्या रूममधल्या बाथटबात बुडून मृत्यू झाला. २७ तारखेला तिथल्या पब्लिक प्रॉसिक्युशनने तपास पूर्ण झाला म्हणून बॉडी घरच्यांच्या ताब्यात दिली आणि केस बंद केली. आता "आधी हार्ट अटॅक म्हणाले मग बुडाली म्हणाले, म्हणजे काहीतरी लपवलं" हा जो लाडका मुद्दा आहे ना, तो तारखा एकाखाली एक लिहिल्या की तिथेच बसतो. पहिलं होतं ते पोस्टमॉर्टेमच्या आधी घरच्यांना जे वाटलं ते. दुसरं होतं ते पोस्टमॉर्टेमनंतरचं. कुणाच्याही घरात अचानक कुणी गेलं की पहिल्या तासात सगळे "अटॅक आला" असंच म्हणतात, नाही का.

दारूचा मुद्दा. इथे फॅन लोक सगळ्यात जास्त तोंडावर पडतात. आखाती पेपरांनी फॉरेन्सिक रिपोर्टच्या हवाल्याने छापलं की रक्तात अल्कोहोलचा अंश सापडला. मीडिया ऑफिसच्या निवेदनात ते नव्हतं. मग एक गट "ती कधी प्यायचीच नाही" म्हणून भांडत बसतो आणि समोरचा तो पेपर काढून तोंडावर मारतो, संपलं, त्यानंतर तुम्ही बाकी काहीही खरं बोललात तरी कुणी ऐकत नाही. अरे पण नाकारायचं कशाला? लग्नाला गेलेल्या चोपन्न वर्षांच्या बाईने एखादा ग्लास घेतला असेल तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? म्हणायचं एवढंच, की अंश सापडल्याची बातमी होती, बरोबर, पण तिथून "दारूच्या नशेत मेली" ही उडी तुम्ही मारलीत, तपास करणाऱ्यांनी नाही, त्यांचा निष्कर्ष अपघात असा आहे. जे खरं आहे ते मान्य करा आणि उडी पकडा. बास.

तिसरा दावा, २४० कोटींचा विमा आणि खून. ही याचिका एका फिल्ममेकरने केली होती, आधी दिल्ली हायकोर्टाने काढून टाकली, मग मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण. "कोर्टात केस आहे" असं जे अजून फिरवतात त्यांना हे सांगायचं. आणि तिचा नवरा बोनी कपूर २०२३ च्या एका मुलाखतीत स्वतः बोललाय, की दुबई पोलिसांनी त्याची तास न् तास चौकशी केली, लाय डिटेक्टर पण झाली, ती बिनमिठाचं कडक डाएट करायची आणि त्यामुळे आधीपण तिला चक्कर येऊन शुद्ध गेली होती. हे नवऱ्याचं म्हणणं आहे, सरकारी कागद नाही, तेव्हा वापरताना "बोनीच्या म्हणण्यानुसार" असंच वापरा. आपण दुसऱ्याला पुरावा मागतो तर आपली बाजू पण तशीच काटेकोर पाहिजे ना.

हे सगळं एका गूगल डॉकमध्ये टाका, दावा, तो कुठून आला, त्याची तारीख, त्यावर उत्तर. एक पानाच्या वर नको. नऊ पानी निबंध कुणी वाचत नाही, तुमचे स्वतःचे ग्रुप मेंबरसुद्धा.

तक्रार कुठे करायची. न्यूज चॅनेल असेल तर एनबीडीएसए नावाची त्यांची स्वतःची संस्था आहे (आधी एनबीएसए होती), पण थेट तिथे जायचं नाही, आधी चॅनेललाच लिहायचं, आणि तेही प्रसारण झाल्यापासून सात दिवसांत, इथेच बहुतेक जण गळतात कारण राग उतरेपर्यंत आठवडा गेलेला असतो. चॅनेलचं उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर मग वरती. चॅनेल त्यांचं मेंबर पाहिजे, आणि त्याच विषयावर कोर्टात काही चालू नाही असं लिहून द्यावं लागतं. पेपर किंवा मासिक असेल तर प्रेस कौन्सिल, तिथेही आधी संपादकाला पत्र, मग त्या पत्राची कॉपी आणि कात्रण जोडून अर्ज, दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, बाकीच्यांना चार महिने. प्रेस कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते फक्त. न्यूज साइट असेल तर पेजच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या माणसाचा, इमेल असतो तो शोधा.

तक्रारीत काय लिहायचं, तर असं काहीतरी: "अमुक तारखेला रात्री ९:१२ ते ९:२० या वेळात अमुक कार्यक्रमात अँकरने हा मृत्यू खून असल्याचं सूचित केलं. त्याच दिवशी दुपारी दुबईच्या प्रॉसिक्युशनने तपास पूर्ण झाल्याचं जाहीर केलं होतं, ते प्रेक्षकांना सांगितलं नाही. पडद्यावर मृत व्यक्तीचं टबातलं काल्पनिक ग्राफिक दाखवलं. त्याच वेळेला दुरुस्ती दाखवावी आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ काढावा." चार वाक्यं. "तुम्हाला लाज वाटत नाही का" हे वाक्य कितीही मनापासून आलेलं असलं तरी तक्रारीत टाकू नका, त्यावर कुणी ऑर्डर काढत नाही. आणि दोनशे जणांनी एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत पाठवलेलं बरं.

यातून काही होतं का? होतं कधी कधी. सुशांत सिंह राजपूतच्या नावाने खोटे ट्वीट "त्याचे शेवटचे ट्वीट" म्हणून चालवल्याबद्दल ऑक्टोबर २०२० मध्ये एनबीएसएकडून आज तकला एक लाखाचा दंड आणि ऑन एअर माफी मागायची ऑर्डर झाली होती. एक लाख म्हणजे त्यांना चहापाण्याचा खर्च, पण माफी स्क्रीनवर मागावी लागते ते झोंबतं. आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्याच प्रकरणात मीडियाला नियम घालून दिले, त्यात आत्महत्येच्या बातमीत गेलेल्या माणसाला कमकुवत मनाचा वगैरे दाखवायचं नाही हे स्पष्ट आहे. आत्महत्येच्या बातमीबद्दल तक्रार करत असाल तर त्या निकालाचा उल्लेख जरूर करा.

जाहिरातदारांना लिहिणं हा पण एक रस्ता आहे. बॉयझोन या आयरिश बँडचा गायक स्टीफन गेटली ऑक्टोबर २००९ मध्ये मयोर्कात झोपेत गेला, मृत्यू नैसर्गिक निघाला, तरी डेली मेल या ब्रिटिश पेपरच्या एका कॉलममध्ये तो गे होता त्यावरून वाट्टेल ते सुचवलं होतं. पंचवीस हजारांच्या आसपास तक्रारी गेल्या, तिथल्या प्रेस कंप्लेंट्स कमिशनचा तेव्हाचा रेकॉर्ड, आणि कमिशनने शेवटी तक्रार फेटाळली! पण त्याआधीच मार्क्स अँड स्पेन्सरने त्या पेजवरून आपली जाहिरात काढायला लावली होती आणि पेपरला वेबसाइटवरची हेडलाइन बदलावी लागली होती. तेव्हा स्क्रीनशॉट घेताना शेजारी कुणाच्या साबणाची जाहिरात आहे तेही येऊ द्या.

कायद्याचं थोडक्यात, कारण ग्रुपवर रोज कुणीतरी "केस ठोका" म्हणत असतं. फॅनला बदनामीची केस करता येत नाही. मेलेल्या माणसाची बदनामी गुन्हा ठरू शकते, आधी आयपीसी ४९९ मध्ये होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, पण तिथे अट अशी की ते बोलणं घरच्यांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने असलं पाहिजे, आणि तक्रार त्यांनीच करायची. शिवाय प्रायव्हसीचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसाने येत नाही, असं दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये सुशांतच्या वडिलांनाच सांगितलं. म्हणजे बापालाही जिथे एवढं अवघड तिथे आपण वकिलाची नोटीस वगैरे भाषा करून हसं करून घेऊ नये. आणि घरच्यांना टॅग करून "तुम्ही गप्प का" असं विचारणं तर अजिबात नको. श्रीदेवीच्या मुलींनी रोज सकाळी फोन उघडून आपल्या आईच्या टबाचा फोटो का बघावा?

आता जे करायचं नाही त्यातलं सगळ्यात मोठं. सुशांतच्या वेळी "न्याय" मागता मागता फॅन लोकांनी काय केलं ते आठवा. त्याच्या मैत्रिणीला चेटकीण ठरवलं, ती तुरुंगात जाऊन आली, एम्सच्या डॉक्टरांच्या पॅनेलने ऑक्टोबर २०२० मध्येच खुनाची शक्यता नाही म्हटलं होतं, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला. मधली साडेचार वर्षं त्या मुलीला कोण परत देणार? चॅनेलने जे आपल्या माणसाशी केलं तेच आपण दुसऱ्याच्या माणसाशी करायचं, याला बचाव म्हणत नाहीत. श्रीदेवीच्या ग्रुपमध्येही बोनीला खुनी म्हणणारे "फॅन" आहेत. माझं स्पष्ट मत, अशांना एकदा सांगायचं आणि नाही ऐकलं तर काढायचं, मग ते कितीही जुने असोत.

विकिपीडियावर कुणी कचरा टाकला तर स्वतःहून पान खोडत बसू नका, चर्चा पानावर संदर्भ देऊन लिहा. नुकत्याच गेलेल्या लोकांबद्दल तिथे नियम कडक आहेत आणि डेली मेलसारखा पेपर तर इंग्रजी विकिपीडियाने २०१७ पासून संदर्भ म्हणून जवळजवळ बंदच केलाय.

राहिला फॅमिली ग्रुप, जिथे खरी लढाई होते. काका रात्री अकराला "श्रीदेवी की मौत का सच" फॉरवर्ड करणार हे ठरलेलं. तिथे काकांना सर्वांसमोर खोटं पाडलं की काका अजून तीन व्हिडिओ टाकतात, हे पक्कं. त्यांना वेगळा मेसेज करा, "काका, हा २०१८ चाच व्हिडिओ आहे, नाव बदललंय फक्त. कोर्टाने तेव्हाच काढून टाकलेलं हे." आणि जमलं तर लगेच ग्रुपवर तिचं काहीतरी छान टाका, २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'मधली ती पुण्याची लाडू करणारी गोडबोले बाई टाका, काकूच्या डोळ्यात पाणी येतं आणि विषय लाडवांवर जातो. मृत्यूनंतर दोन महिन्यांत तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक जाहीर झालं हेही कित्येकांना माहीत नसतं, टबाचं मात्र सगळ्यांना माहीत.

तो गूगल डॉक दर वर्षी २० फेब्रुवारीच्या आसपास एकदा उघडून बघा, लिंक चालतायत का, काही नवीन अधिकृत आलंय का, आणि ग्रुपवर पिन करा. २४ ला संध्याकाळपासून व्हिडिओ यायला लागतात.