अंड्यांचं कार्टन दुकानातच उघडून बघा

"काकू, हे उघडलं तर कुणी काही म्हणेल का?" गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून शिकायला आलेली एक मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या दुकानात अंड्यांच्या फ्रीजसमोर उभी राहून मला विचारत होती. आवाज अगदी खाली, आणि डझनाचं कार्टन दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. तिला वाटत होतं की बंद वस्तू पैसे देण्याआधी उघडली तर आपल्याला चोर समजतील.

कुणी काही म्हणत नाही. अमेरिकेत अंडी घेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस झाकण उघडून आत बघतो आणि मगच कार्टन ट्रॉलीत ठेवतो. साध्या डझनाच्या कार्टनला सील नसतं, पुढे एक खाच असते, ती बोटाने सोडवायची. तुम्ही उघडून बघावं हे इथे गृहीतच धरलेलं आहे.

आपल्याकडे हे काम दुकानदार करायचा. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंडीवाले मामा होते. तीस अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले. डझनभर मागितली की ते दोन-दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर हलकेच टेकवायचे. खणखणीत आवाज आला की पिशवीत, बद्द आवाज आला की बाजूला. शंका आली तर डोक्यावरच्या बल्बसमोर धरून बघायचे. मडकं वाजवून घ्यावं, तसंच ते. घरी आणल्यावर एखादं तडकलेलं निघालंच तर दुसऱ्या दिवशी बदलूनही द्यायचे. इथे तो मामा नाही. कार्टन रचणारा मुलगा ते उघडत नाही. काउंटरवरची बाई कधी उघडून बघते, कधी नाही, आणि सेल्फ चेकआउटला तर माणूसच नसतो. म्हणून मामांचं काम आता तुमच्याकडे आलं आहे.

मी २००६ साली आले. पहिल्याच महिन्यात अठरा अंड्यांचं कार्टन न उघडता आणलं, बसने, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. घरी झाकण उचललं तर चार अंडी तडकलेली होती. त्यातली दोन तळाला अशी चिकटली होती की उचलताना टरफल खाली राहिलं आणि बलक माझ्या बोटांवर. पावती मी दुकानाबाहेरच्या डब्यात टाकून आले होते. एकेका डॉलरचा हिशेब लावण्याचे ते दिवस, आणि चार अंडी केराच्या पिशवीत टाकताना खरंच जीव तुटला. मार्च २०२५ मध्ये इथे डझन अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला होता, बर्ड फ्लूमुळे. त्या भावाने एक अंडं अर्ध्या डॉलरचं होतं. फुटकं अंडं घरी आणणं परवडत नाही.

आता बघायचं कसं ते सांगते, कारण नुसतं झाकण उघडून वरून नजर फिरवणं पुरत नाही. वरचा भाग जवळजवळ नेहमीच छान दिसतो. तडा असतो तो बहुधा खाली, खळग्यात बसलेल्या बाजूला, कारण कार्टन आपटतं तेव्हा दणका तिथे बसतो. म्हणून उघडल्यावर प्रत्येक अंड्याला बोटाच्या टोकाने जरासं गोल फिरवायचं. उचलायची गरज नाही. जे अंडं खळग्यात सहज फिरतं ते ठीक. जे हलत नाही, त्याच्या तळातून पांढरं गळून सुकलेलं असतं आणि त्याने अंडं धरून ठेवलेलं असतं. बारा अंडी फिरवायला पंधरा सेकंदसुद्धा लागत नाहीत. केसाएवढी चीर असेल तर कार्टन थोडं तिरकं करून ट्यूबलाइटकडे धरा, करडी रेघ दिसते.

नंतर झाकण लावून तळ बघा. पुठ्ठ्याच्या कार्टनवर ओला डाग उमटतो, ते सोपं. फोमचं कार्टन काही शोषून घेत नाही, तिथे बोटानेच कळतं. पारदर्शक प्लास्टिकच्या कार्टनने मात्र फसू नका, वरून सगळं दिसतं म्हणून लोक उघडतच नाहीत. उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या अंड्यांवर बारीक घाम येतो, तो बघून घाबरू नका. घाम पाण्यासारखा पातळ असतो, पुसला की गेला. पांढरं बोटाला चिकटतं.

एक अंडं फुटकं दिसलं तर शेजारच्या कार्टनमधलं चांगलं काढून तिथे ठेवायचा मोह होतो. ते करू नका. बहुतेक कार्टनवर त्याची तारीख आणि पॅकिंगच्या जागेचा नंबर असतो. उद्या एखाद्या खेपेत दोष सापडून ती परत मागवली, तर अदलाबदल केलेलं अंडं कुठलं हे कुणालाच कळणार नाही. फुटकं असलेलं कार्टन बाजूला ठेवा, दुसरं घ्या, आणि दुकानातलं कुणी जवळ असेल तर सांगा. उचलताना हात कार्टनखाली हवा. झाकणाला धरून उचलू नका, आणि खाच नीट बसल्याचा आवाज येईपर्यंत झाकण दाबा.

प्लास्टिकने गुंडाळलेले पाच डझनांचे मोठे खोके उघडता येत नाहीत. घरात चार-पाच खाणारे नसतील तर ते घेऊच नका.

"एका तडकलेल्या अंड्याने काय होतंय, सातारला तर आम्ही तशीच भुर्जी करायचो," असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे. यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडची अंडी बहुतेक न धुता विकली जातात. कोंबडीने अंडं घातलं की त्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो टरफलाची बारीक छिद्रं बुजवतो. म्हणून किराणा दुकानात ट्रे दिवसभर बाहेर राहिला तरी चालतं. अमेरिकेत दुकानात येणारी अंडी आधी धुतात. घाण जाते, पण तो थरही जातो. म्हणूनच इथे अंडी ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली ठेवण्याचा नियम आहे. थर गेलेल्या अंड्याला वर चीरही गेली, तर साल्मोनेलासारख्या जंतूंना आत जायला सरळ वाट मिळते. ताप, पोटात मुरडा, जुलाब, आणि हे सगळं खाल्ल्यापासून सहा तास ते सहा दिवसांत कधीही सुरू होऊ शकतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना ते जास्त जड जातं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात, इन्शुरन्स तोकडा असतो, आणि बाबांना सकाळी हाफ फ्रायच हवा असतो. त्या घरात तर अंडी फिरवून बघितल्याशिवाय आणूच नका, आणि बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

(लंडनकडच्या आपल्या मंडळींसाठी: तिथे अंडी धूत नाहीत, म्हणून ती दुकानात फ्रीजबाहेर, साध्या शेल्फवर असतात. तडा मात्र तिथेही असाच बघायचा.)

आपल्या काही सवयी इथे मोडाव्या लागतात. अंडी आणल्यावर धुवायची ही त्यातली पहिली. इथली धुतलेलीच असतात, पुन्हा धुतली तर छिद्रांतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. दुसरी सवय फ्रीजच्या दारातल्या खळग्यांत अंडी मांडायची. दार सारखं उघडतं, तिथला गारवा टिकत नाही. कार्टनसकट आतल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तारीखही डोळ्यांसमोर राहते. रूममेट अंडी खात नसेल तर कार्टन बंद डब्यात घालून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. सामायिक फ्रीजमध्ये भांडणं इथूनच सुरू होतात.

तिसरी गोष्ट रंगाची. ब्राऊन अंडं बघितलं की आपल्याला गावरान आठवतं आणि आपण दोन डॉलर जास्त देतो. रंग कोंबडीच्या जातीवरून येतो. इथलं ब्राऊन अंडं म्हणजे गावरान नव्हे, पोषणातही फरक नाही.

कार्टनवर "ग्रेड ए" किंवा "एए" लिहिलेलं असतं, त्यावरून एकही अंडं तडकलेलं नाही असं धरू नका. ग्रेड पॅकिंगच्या वेळी लागते, त्यातही थोड्या तडकलेल्यांना नियमातच सूट असते, आणि त्यानंतर ट्रक, गोदाम, ट्रॉली असा प्रवास व्हायचा असतो. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या शेती खात्याचा, शिक्का असलेल्या कार्टनवर एक तीन आकडी नंबर शोधा. तो पॅकिंगचा दिवस, वर्षातला कितवा ते सांगणारा. ००१ म्हणजे १ जानेवारी, २१८ म्हणजे ६ ऑगस्ट (लीप वर्ष नसेल तर). दोन कार्टन सारखीच चांगली असतील तर मोठ्या आकड्याचं घ्या. नव्या वर्षाच्या सुरुवातीला मात्र उलटं, तेव्हा ००५ हे ३६० पेक्षा ताजं. घरी आणलेली अंडी नीट गार ठेवली तर तीन ते पाच आठवडे टिकतात.

काउंटरवर अंडी सगळ्यात शेवटी पट्ट्यावर ठेवा आणि पिशवी भरणाऱ्याला "एग्ज सेपरेट प्लीज" म्हणा. नाहीतर दुधाचा गॅलन त्यावर येतो. पावती खिशात ठेवा. घरी गेल्यावर तडकलेलं दिसलं तर पावती आणि कार्टन घेऊन कस्टमर सर्व्हिसच्या खिडकीवर जा, भांडायची तयारी करून जायची गरज नाही. "सम ऑफ दीज वेअर क्रॅक्ड" एवढं पुरतं. बहुतेक दुकानं दुसरं कार्टन देतात किंवा पैसे परत करतात. घरपोच मागवलं असेल तर पिशवी आल्या आल्या उघडा आणि फोटो काढून ॲपवर तक्रार टाका.

दुकानात सगळी धड होती आणि वाटेत एखादं तडकलं, तर ते टाकायची गरज नाही. लगेच स्वच्छ वाटीत फोडा, घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत पूर्ण शिजवून संपवा, भुर्जी किंवा अंडाकरीत. उकडताना भांड्यात तडकलेलं अंडं खायला हरकत नाही.

ऑगस्टच्या उन्हात अंडी गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. फ्रीजबाहेर दोन तास ही हद्द, आणि ९० फॅरनहाइटच्या वर पारा असेल तर एकच तास. जानेवारीत उलटं होतं. रात्री डिकीत विसरलेली अंडी गोठतात, आतलं फुगतं आणि टरफल उभं चिरतं. तशी चिरलेली टाकून द्या. न चिरलेली असतील तर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा.