आजोबांच्या काळची काडतुसं सापडली? या चुका टाळा

दिवाळीची सफाई निघाली की विदर्भातल्या कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली येतो आणि माझा फोन वाजतो. "काकाजी, आजोबाच्या टायमाची काडतुसं निघाली. अजून फुटतील का?" कोणत्या बंदुकीची, कोणत्या कारखान्याची, किती जुनी, हे कोणी विचारत नाही. फुटतील का आणि विकली तर किती येतील, एवढंच. पूर्व विदर्भातले मालगुजारांचे वाडे असोत की वऱ्हाडातल्या देशमुख-पाटलांच्या माड्या, शिकारीच्या जमान्यातला हा माल अजून घराघरांत पडून आहे आणि त्याची नासाडी मी वर्षानुवर्षं बघतो आहे. मी रिकाम्या पुंगळ्या (बार झाल्यावर मागे उरणारी काडतुसाची नळकांडी), कागदी काडतुसांच्या तोंडावरच्या चकत्या आणि जुने खोके जमवतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोरची दुनळी घरात आहे; बोर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप.

घरात सापडलं म्हणजे आपलंच, असं समजणं

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे जिवंत काडतूस विनापरवाना जवळ ठेवता येत नाही. एक असो की पेटीभर, शंभर वर्षांचं असो की कालचं. कलम ४५ मध्ये जुन्या, निकामी, पुराणवस्तू म्हणाव्यात अशा शस्त्रांना सूट आहे. लोक ती अर्धवट ऐकतात आणि काडतुसांना लावून मोकळे होतात. काडतुसाच्या किरकोळ सुट्या भागांना त्याच कलमात वेगळी सूट आहे, पण जोडीचे भाग मिळवून ते पुन्हा वापरायचा हेतू नसेल तरच. म्हणून मी पुंगळ्या जमवतो, जिवंत काडतुसं नाही.

घरातला परवानाधारक वारला, बंदूक जमा झाली आणि काडतुसं तेवढी कपाटात राहिली, असं फार घरांत झालेलं आहे. बारा बोरचा परवाना असला म्हणून रायफलची काडतुसं ठेवता येत नाहीत. थ्री नॉट थ्री तर प्रतिबंधित बोरच्या यादीतच येते. असा माल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा, असं कलम २१ सांगतं. मी सगळ्यांना एकच सांगतो: डिक्कीत टाकून निघू नका. आधी ठाणेदारांना फोन करा, माल कसा आणायचा ते त्यांनाच ठरवू द्या. अर्जात नग, काडतुसाच्या बुडावरची अक्षरं आणि कुठे सापडली हे लिहा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

"एक फोडून पाहू"

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती करणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

तूर भरात आली की रानडुकरं वावरात शिरतात. आमच्या धुऱ्यापलीकडचा एक जण असाच जागलीला होता. परवाना त्याच्या नावावर, दुनळी वडिलांच्या वेळची. दुकानातलं काडतूस महाग पडतं म्हणून घरातली जुनी कागदी काडतुसं त्यानं खिशात टाकली होती. कागद फुगल्यामुळे ती नळीत बसत नव्हती, तर अंगठ्यानं रेटून बसवली. डुकरं पळवायला हवेत बार टाकला. आवाज आला तो दाराची कडी पडावी एवढा. मी धुऱ्यावरून ओरडलो, "थांब, नळी बघ!" तोवर त्यानं बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, पुंगळी ओढली होती, त्याच नळीत दुसरं काडतूस घातलं होतं आणि घोडा दाबला होता. उजवी नळी मधोमध फुगून फाटली. नळीखालचा हात भाजला, बोटं वाचली. दवाखान्यात नेताना तो म्हणाला, "काकाजी, मले वाटलं दारू ओली असन."

दारू ओलीच होती, आणि घात तिथूनच झाला. कागदी काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याची जाड चकती असते. दारू नीट पेटली नाही तर त्या चकतीला नळीबाहेर ढकलण्याइतका जोर येत नाही, ती नळीतच अडकते. मागून दुसरा बार आला की त्याचा दाब त्या अडथळ्याशी कोंडतो आणि नळी फुगते किंवा फाटते. बुडाच्या टोपीतला दारू पेटवणारा मसाला जुना झाला, दारूचे गोळे झाले, कागद सुटला, यातलं एक कारण पुरेसं आहे.

बार फुसका वाटला की माझी सवय ठरलेली आहे. बंदूक मोडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या करायच्या आणि मागच्या बाजूनं टॉर्चच्या उजेडात आरपार बघायचं. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला नाही तर त्या रात्रीचं काम संपलं. घोडा पडला आणि बार झालाच नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचं. किमान तीस सेकंद थांबावं असा नियम आहे, मी साठपर्यंत मोजतो. जुनी टोपी कधी कधी उशिरा पेटते, आणि तेव्हा बंदूक अर्धी उघडलेली असेल तर पुंगळी तोंडावर येते.

"एक चांगलं फुटलं म्हणजे पेटीतली बाकीचीही चांगली," हा हिशेबही चुकीचा आहे. एकाच पेटीत कोपऱ्यातलं काडतूस ओलं आणि मधलं कोरडं असू शकतं. मी बंदुकीत नवीन काडतुसंच घालतो. खडकीच्या कारखान्याचं 'शक्तिमान' परवानाधारक दुकानात मिळतं, मग जीवाशी खेळ कशाला? पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभाही नाही. त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

बसलं म्हणजे चाललं

बारा बोर सगळे सारखे नसतात. जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोली बहुधा अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आजची काडतुसं सहसा पावणेतीन इंचाची, म्हणजे ७० मिलिमीटरची. काडतुसावर लिहिलेली लांबी फुटल्यानंतरच्या उघड्या पुंगळीची असते. न फुटलेल्याचं तोंड आत मुडपलेलं असतं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत आरामात बसतं. बार होताना ते तोंड उघडून नळीच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. वाड्यातली आजोबांची बंदूक बाहेर काढून त्यात दुकानातली काडतुसं भरणाऱ्यांनी आधी परवानाधारक कारागिराकडून खोली मोजून घ्यावी. नळीवर वळ्यावळ्यांची नक्षी दिसली तर ती पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली दमास्कस नळी असते. अशा बऱ्याच नळ्या काळ्या दारूच्या हिशेबानं तपासलेल्या आहेत. बिनधुराच्या दारूची तपासणी झालेली असेल तर तसा शिक्का नळीवर असतो. शिक्का वाचता येत नसेल तर बंदूक भिंतीवर शोभते.

आणि वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या खिशात कधीही ठेवू नका. ते बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, बंदूक रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं घालतो. या एका घाताला टाळण्यासाठी वीस बोरच्या पुंगळीला पिवळा रंग देतात. जुन्या काडतुसांत मात्र रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

गुरांचा कोठा आणि पितळेची पॉलिश

ही चूक जीव घेत नाही, पण संग्रह संपवते, आणि खेड्यात ती सगळीकडे होते. पोट्ट्यांचा हात पोचू नये म्हणून काडतुसांची पिशवी कोठ्यातल्या आढ्याला टांगायची. वर्षानुवर्षं खाली गाई-बैल बांधलेले, खाली गोमूत्र मुरलेलं.

एका मालगुजारांच्या घरी मला जुन्या रायफलच्या पितळी पुंगळ्या बघायला बोलावलं होतं. आजोबांनी वापरून जपून ठेवलेल्या, पॉइंट ३७५ मॅग्नमच्या. हे काडतूस हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूक कंपनीनं १९१२ मध्ये काढलं. बुडाशी पट्टा असल्यामुळे लांबूनही ओळखू येतं. पिशवी कोठ्यातच होती. मी पोचायच्या आत त्यांच्या नातवानं "काकाजी येणार, चमकवून ठेवतो" म्हणून बाजारातल्या पॉलिशनं एकेक पुंगळी घासली होती. काळपट थर गेला आणि खाली मानेपाशी उभ्या बारीक भेगा दिसल्या. दोन-तीन पुंगळ्यांचं तोंड तर नखानं दाबताच तुटलं. बुडावरची अक्षरंही घासून बोथट झाली होती. पोरगं हिरमुसलं, त्याचा हेतू चांगलाच होता.

या भेगांचा इतिहास आपल्याच देशातला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या ध्यानात आलं की पावसाळ्यात पितळी काडतुसं आपोआप तडकतात. काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. ओल्या हवेत घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया पितळेला लागे, आणि कारखान्यात दाबून-ओढून आकार दिलेल्या पितळेत जो ताण राहिलेला असतो त्याच्या रेषेनं धातू फाटे. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये हे कारण मांडलं. पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्येही अमोनिया असतो. म्हणजे त्या पुंगळ्यांना आधी कोठ्यानं खाल्लं आणि मग पॉलिशनं.

माझ्याकडे पुंगळीला पॉलिश लागत नाही. कोरड्या सुती कापडानं धूळ पुसायची, हिरवा चुरा असेल तर लाकडी काडीनं हलकेच काढायचा आणि थांबायचं. काळपटपणा हा तिच्या वयाचा पुरावा आहे, जाणता संग्राहक तोच आधी बघतो. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा मातीच्या जाड भिंतीच्या मधल्या खोलीत. टिनाखालच्या माळ्यावर नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. परवान्यावरची जिवंत काडतुसंही त्याच कारणानं थंड आणि कुलूपबंद जागी हवीत. उष्णतेनं दारू बिघडते, शिवाय तापलेल्या काडतुसाचा दाबही वाढतो. म्हणूनच इंग्रज कारखाने उष्ण देशांसाठी कॉर्डाइटचा, म्हणजे त्यांच्या बिनधुराच्या दारूचा, भार मुद्दाम कमी ठेवलेली काडतुसं काढत.

वर्ष आणि किंमत

बुडावरचा '१२' हा आकडा १९१२ साल नाही, तो बोर आहे. हे दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं.

लष्करी पुंगळीवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. 'के एफ', '४३' आणि रोमन सात असं दिसलं तर ते खडकीच्या कारखान्यातलं, १९४३ चं, थ्री नॉट थ्रीचं सातव्या मार्कचं, म्हणजे सातव्या आवृत्तीचं, काडतूस. रोमन साताच्या पुढे 'झेड' असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू. शिकारी काडतुसांवर वर्ष नसतं, तिथे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधायचा. ईली आणि कायनॉक या मूळच्या वेगळ्या कंपन्या, पहिल्या महायुद्धानंतर एकत्र आल्या. आयसीआय ही ब्रिटिश रसायन कंपनी स्थापन झाली १९२६ मध्ये, तेव्हा बुडावर ईली-कायनॉकसोबत 'आयसीआय' असेल तर माल त्यानंतरचाच. कोणी "शिपायांच्या बंडाच्या वेळचं" म्हणून तसलं काडतूस विकायला आणलं तर हात जोडून निरोप द्या.

किमतीसाठी परदेशी लिलावांचे आकडे दाखवू नका. तिथे जिवंत काडतूस उघडपणे विकता येतं, आपल्याकडे नाही. इथे मोल आहे ते स्वच्छ छाप असलेल्या पुंगळीला, छर्ऱ्यांचा नंबर छापलेल्या अखंड चकतीला आणि सगळ्यात जास्त मूळच्या खोक्याला. लोक पुंगळ्या जपतात आणि खोका चुलीत घालतात. घाई करणाऱ्या नव्या मुलांना मी सांगतो, एक वर्ष काही विकत घेऊ नका, नुसती बुडं वाचा आणि वहीत उतरवा. ऐकणारे थोडे असतात, पण पुढे तेच खरे संग्राहक होतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ओल लागलेलं काडतूस उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका.

गंज सोडवायचं तेल जिवंत काडतुसावर फवारू नका, ते टोपीत झिरपतं.

दारू काढून बघायला काडतूस कापू नका, मुलांना तर हातही लावू देऊ नका.

जुन्या टोप्यांच्या धुरातले क्षार हवेतली ओल ओढतात. अशी काडतुसं कोणी वापरलीच असतील तर नुसत्या तेलानं भागत नाही, नळी आधी गरम पाण्यानं धुवावी लागते. पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो.

प्रवासाच्या बॅगेचे कप्पे झटकून घ्या. वडिलांच्या बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर गुन्हा दाखल होतो.

भंगारातून पितळ घेताना काडतुसापेक्षा मोठं काही दिसलं, गोळा असो, फ्यूज असो की हातबॉम्ब, तर ते उचलू नका, हलवू नका, फोटोसाठी वळवूही नका. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव इथे, नष्ट करायला आणलेला जुना दारूगोळा हाताळताना स्फोट होऊन सहा माणसं गेली. तिथे ते काम ठरवून चाललं होतं. वावरात किंवा नाल्यात असं काही सापडलं तर जागेवर लांबून खूण करा, माणसं आणि गुरं मागे न्या, ११२ वर फोन करा आणि बॉम्बशोधक पथक येईपर्यंत कोणाला जवळ जाऊ देऊ नका.