हौशी सीएनसी यंत्रासाठी स्पिंडल मोटर घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात घरच्या घरी लाकूडकामाचे सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्र उभे करणाऱ्याला सांगाड्याची फारशी चिंता नसते. प्लेट मिल करून देणारा किंवा शाफ्ट टर्न करून देणारा कारागीर शिवाजी उद्यमनगरात सहज भेटतो. स्पिंडल, म्हणजे कापणारे बिट फिरवणारी मोटर, मात्र तयारच आणावा लागतो, आणि तो घेताना बहुतेकजण फक्त किलोवॅटचा आकडा पाहतात. माझ्या मते पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या सवयीतच आहे.

२.२ किलोवॅटच्या नेहमीच्या स्पिंडलवर लिहिलेली शक्ती ४०० हर्ट्झला, म्हणजे मिनिटाला २४,००० फेऱ्यांना मिळते. वेग कमी केला तरी टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे १२,००० फेऱ्यांवर हाच स्पिंडल जेमतेम १.१ किलोवॅट देतो. शिवाय ८० मिमी व्यासाचा हा स्पिंडल पाच किलोच्या आसपास भरतो, आणि हलक्या झेड (वर-खाली सरकणाऱ्या) अक्षावर तो चढवला की गॅन्ट्री, म्हणजे तो पेलणारी आडवी चौकट, थरथरू लागते व कापलेली कड लाटालाटांची येते. छोट्या यंत्राला ६५ मिमी व्यासाचा ८०० वॅटचा स्पिंडल पुरतो. सांगाडा खरोखर भक्कम असेल तरच दीड किलोवॅटचा विचार करावा.

खरा हिशेब वेग आणि फीड, म्हणजे बिट लाकडात पुढे सरकण्याची गती, यांचा आहे. फीडला फेऱ्या आणि बिटाच्या धारांची संख्या यांनी भागले की प्रत्येक धार किती जाडीचा छिलका काढते ते कळते. समजा, यंत्र मिनिटाला १,२०० मिमीपेक्षा जास्त फीड सहन करत नाही आणि आपण दोन धारांचे बिट २४,००० फेऱ्यांवर फिरवतो. तर प्रत्येक धारेच्या वाट्याला केवळ ०.०२५ मिमी लाकूड येते, धार कापण्याऐवजी घासत राहते, सागवानाची कड काळी पडते आणि बिट तापून बोथट होते. त्याच फीडला एका धारेचे बिट १२,००० फेऱ्यांवर लावले तर हाच आकडा ०.१ मिमी होतो आणि काम स्वच्छ उतरते. परीक्षा सोपी आहे: यंत्र थांबवून निघालेला भुसा चिमटीत घ्यावा. सागवानाचा भुसा पिठासारखा बोटांना चिकटला तर धार घासते आहे, खोबऱ्याच्या किसासारखा मोकळा असला तर ती कापते आहे. एमडीएफला (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीला) ही परीक्षा लागू नाही, कारण त्याचा भुसा मुळातच बारीक असतो. म्हणूनच स्पिंडल घेताना तो किमान किती फेऱ्यांवर नीट चालतो, हे आधी विचारावे.

माझा पहिला स्पिंडल व्हीएफडीच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाच्या, सेटिंगमुळे जळाला. विक्रेत्याने व्हीएफडी मूळ सेटिंगवर, म्हणजे ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी ठेवूनच पाठवला होता आणि मी तो तसाच जोडला. ४०० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या मोटरला ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट मिळाले की विद्युतप्रवाह बेसुमार वाढतो. काही मिनिटांतच वार्निश जळाल्याचा वास आला आणि रिवाइंडिंगशिवाय इलाज उरला नाही. मोटर जोडण्यापूर्वी व्हीएफडीत बेस (पूर्ण व्होल्टेज जिथे मिळते ती) आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० हर्ट्झ, आणि विद्युतप्रवाहाची मर्यादा मोटरच्या पाटीवरील आकड्याएवढी ठेवावी.

हवेने थंड होणाऱ्या नेहमीच्या स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे वेग घटला की थंडावाही घटतो. तो ८,००० फेऱ्यांच्या, म्हणजे सुमारे १३३ हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नये. पाण्याचा स्पिंडल आवाज कमी करतो आणि गल्लीतल्या घरात ही मोठी सोय आहे, पण पंप बंद पडला तर तो मुकाट्याने तापत जातो, म्हणून परतीच्या नळीतून पाणी वाहताना डोळ्यांनी पाहूनच काम सुरू करावे.

ईआर-११ कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यात, ७ मिमीपर्यंतचाच दांडा बसतो. ८ मिमीची बिटे आधीच घेतलेली असतील तर ईआर-१६ आणि अर्ध्या इंचाची असतील तर ईआर-२० लागतो. कोलेट प्रथम नटमध्ये टिक् आवाज येईपर्यंत दाबून बसवावा आणि मगच नट स्पिंडलवर चढवावा. उलट क्रमाने केल्यास बिट डगमगते आणि दोष बेअरिंगवर ढकलला जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोलेटवर गंज धरतो, तेव्हा काम संपल्यावर तो काढून तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावा.

वीजजोडणीत हयगय नको. २.२ किलोवॅटचा संच ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नये. स्पिंडल सुरू होताच संगणकाशी संपर्क तुटत असेल किंवा लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) उगाच लागत असतील, तर मोटरची केबल शिल्डेड (धातूच्या जाळीने वेढलेली) आहे का आणि ते शिल्ड अर्थिंगला जोडले आहे का, हे आधी तपासावे. स्वस्त स्पिंडलच्या कनेक्टरमधील चौथी, अर्थिंगची पिन पुष्कळदा आतून बॉडीला जोडलेलीच नसते. वीज बंद असताना मल्टिमीटर आवाजाच्या (कंटिन्युटी) खुणेवर ठेवून त्याची एक काडी त्या पिनवर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या धातूवर टेकवावी. आवाज आला नाही तर बॉडीला स्वतंत्र अर्थिंगची तार जोडावी, आणि ती जोडल्याशिवाय स्पिंडलला वीज देऊ नये.